मूठमामांचा कोपरा

मूठमामा नमस्कार करत नसत. समोर कोण आलंय हे बघण्याआधी ते वाकायचे, पायाशी असेल ती माती उचलायचे, मूठ आवळायचे आणि उघडून बघायचे. मातीवर बोटांचे ठसे स्वच्छ उठले आणि अंगठा टेकवताच ढेकूळ फुटलं, की त्यांचा चेहरा निवळायचा. मग म्हणायचे, "या पावणं."

ही सवय फौंड्रीतली. तीस वर्षं त्यांनी ओतकामाचे साचे घातले. वाळू कमी ओली असली तर साचा ढासळतो, जास्त ओली असली तर तापलेलं लोखंड आत पडताच वाफ धरते आणि माल वाया जातो. किती ओली हवी ते मूठ सांगते. पुढे तपासायला यंत्र आलं. मामांचं त्यावर म्हणणं असं की, यंत्रसुद्धा त्यांच्या मुठीला विचारूनच आकडा दाखवायचं.

काम सुटल्यावर ते राजारामपुरीतल्या आमच्या सार्वजनिक बागेत येऊन बसू लागले. बागेत मध्ये हिरवळ, कडेला बाकडी, दोन झोपाळे. एका कोपऱ्यात पाणी प्यायचा नळ होता. त्याचं सांडपाणी साचायचं, डास व्हायचे, लोक नाकाला रुमाल लावून जायचे. मामांनी एके दिवशी त्या पाण्याला बोटभर उताराचा चर काढून दिला आणि चराच्या काठाला केळीचे चार कोंब लावले. परवानगी कोणाची घेतली नाही. घ्यायची असते हे त्यांना माहीतही नसावं.

केळीच्या पायाशी अळू आलं. शेवगा आला, त्यावर वाल चढला, सावलीत हळद लागली, कडेनं शेपू, मेथी, झेंडू. वाफे नव्हते, ओळी नव्हत्या. कुदळ तर ते जवळजवळ लावतच नसत. बागेचा माळी रोज पाला झाडून पेटवायचा. मामांनी त्याला आठ दिवस चहा पाजला आणि सगळा पाला कोपऱ्यात वळवला. रसवंतीवरून उसाची चिपाडं यायची, गवळ्याकडून शेण. जमीन उघडी दिसली की ते अस्वस्थ व्हायचे. "उघड्या अंगानं उन्हात कोण बसतंय व्हय?" असं विचारायचे आणि वर आणखी एक पाटी पाला टाकायचे.

त्यांचा नियम एकच होता : कोपऱ्यात मोकळ्या हातानं यायचं नाही. घरातली सालं, देठं, राख, चहाचा चोथा बादलीतून आणायचा, तिथं ओतायचा आणि जाताना लागेल ती भाजी तोडून न्यायची. मोजदाद नाही. एक पेन्शनर एकटेच राहायचे, खाणावळीत जेवायचे. आपल्याकडे कचराच होत नाही, अशी त्यांनी तक्रार केली. मामा म्हणाले, "मग पेपर आणा. बातम्या कुजलेल्याच असत्यात की." पेन्शनर त्या दिवसापासून पेपरची रद्दी आणून पाल्याखाली अंथरू लागले आणि कढीपत्ता नेऊ लागले.

दुष्काळाच्या वर्षी नळ दिवसातून तासभर यायचा. हिरवळ जळून गेली. कोपरा मात्र तगला. पाल्याखाली हात घातला तर गारवा लागायचा. त्याच वर्षी माझी बायको बाळंत झाली. सव्वा महिना शेपूची जुडी त्या कोपऱ्यातून आली. ती आणायला बादली घेऊन मीच जात होतो.

आता माझ्याविषयी. ती बाग ज्या कचेरीच्या ताब्यात होती, तिथं मी हंगामी कारकून होतो. कचेरीचं नाव सांगून काही साधत नाही. बागेत कारंजं करायचं ठरलं, रंगीत दिव्यांचं. पाण्याची सोय त्याच कोपऱ्यात होती. जागा कशी आहे याचं टिपण मला करायला सांगितलं. मी जाऊन आलो आणि लिहिलं, "सदर जागेवर आपोआप वाढलेला झाडोरा असून ती कोणाच्याही उपयोगात नाही."

साहेबांनी मला खोटं लिहायला सांगितलं नव्हतं. टिपण सुटसुटीत करा, फाटे नकोत, एवढंच म्हणाले होते. मला कायम करण्याची ऑर्डर त्यांच्या टेबलावर होती, तिचा त्यांनी उल्लेखही केला नाही. ते मीच ताडलं, मीच घाबरलो, मीच लिहिलं. त्या दुपारी माझ्या डब्यात त्याच कोपऱ्यातल्या अळूची भाजी होती.

कारंज्याची बातमी फुटली तेव्हा मामा माझ्या घरी आले. दारातल्या कुंडीतली माती दाबून बघितली आणि म्हणाले, "भाऊसाहेब, अर्ज लिवून द्या. तुमचं अक्षर छापल्यागत हाय." तो अर्ज मी मनापासून लिहिला. कोपऱ्यावर किती घरांची भाजी चालते, दुष्काळात काय झालं, सगळं लिहिलं. खाली सह्या आणि अंगठे झाले. अर्ज टिपणाला भारी पडेल, अशी मला आशा होती. म्हणजे मला काही बोलावं लागलं नसतं. एकाच फायलीत एकामागे एक, एकाच अक्षरातले दोन कागद लागले. कोणाच्या लक्षात आलं नाही. कचेरीत कागद बघतात, अक्षर कोण बघतो?

उत्तर आलं. ते बाकड्यावर बसून मामांना वाचून दाखवायची पाळीही माझ्यावरच आली. जागा उपयोगात नसल्याचा अहवाल आहे, सबब अर्ज निकाली. मामांनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं.

"कुणी लिवलं असंल ओ हे?" त्यांनी विचारलं.

माहीत नाही, म्हणालो.

मामांनी पायाशी पडलेलं केळीचं वाळकं पान उचलून कोपऱ्यात टाकलं. मग माझीच समजूत घालावी तसे म्हणाले, "जाऊंदे. लिवणारा कवा बागंत आलाच नसंल. आला असता तर असं लिवलंच नसतं की."

कोपरा मोडायच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बादल्या घेऊन बोलावलं. त्या दिवशी पहिल्यांदा लोक रिकाम्या बादल्या घेऊन आले. मामांनी प्रत्येक बादलीत मातीसकट एकेक रोप घातलं. केळीचा कोंब कुणाला, अळूचा गड्डा कुणाला. भांडले नाहीत, रडले नाहीत. माझ्या बादलीत हळदीचा गड्डा घातला आणि सावलीत लावा म्हणून बजावलं. दुसऱ्या दिवशी गडी कुदळी घेऊन आले तेव्हा मामा बागेत नव्हते. कारंजं दोन उन्हाळे उडालं. कोपरा मोडला त्याच महिन्यात मी कायम झालो.

पुढे दर दोन-तीन महिन्यांनी मामा माझ्या परसात यायचे. हळद बघायचे, मूठ दाबायचे, चहा घ्यायचे. दर वेळी मी ठरवायचो की आज सांगायचं, आणि दर वेळी चहात साखर बरोबर पडली का, ते विचारायचो. शेवटी आले तेव्हा नातवानं रिक्षातून आणलं होतं. हाताला कंप सुटला होता, बोटं मिटत नव्हती. मातीकडे बघत म्हणाले, "तुमी दाबा." मी मूठ दाबली, उघडली. त्यांनी अंगठा टेकवला. ढेकूळ फुटलं. "जमली," म्हणाले. तेव्हाही मी चहाचंच विचारलं.

महिन्याभरात ते गेले. चौकातल्या फळ्यावर लिहायला पोरांनी मलाच बोलावलं, अक्षर चांगलं म्हणून. नाव लिहिलं, रक्षाविसर्जनाची वेळ लिहिली. खाली हातभर जागा उरली होती. खडू हातात धरून मी उभा राहिलो, पण पोरांना घाई होती.

त्या जागेत लिहायची ओळ इथं लिहितो. टिपण लिहिणारा बागेत आला होता, मामा. रोज येत होता, बादली घेऊन.