उजवीकडचं फूल

सासरच्या कुलदेवीवर माझा विश्वास नव्हता, आणि सासूबाईंवर तर त्याहून कमी. ऐंशीच्या दशकात त्या माझ्या बाळंतपणासाठी कोकणातून नॉटिंगहॅमला आल्या, त्या पिशवीत चांदीचे इवलेसे वाळे घेऊनच. सासऱ्यांच्या आजीने म्हणे देवीला कौल लावला होता. मूर्तीला दोन्हीकडे ओली फुलं चिकटवली, उजवीकडचं आधी पडलं. म्हणजे या घरात मुलगी येणार. वाळे तेव्हाच घडवले. त्यानंतर तीन पिढ्या नुसते मुलगेच.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. नाव-तारखेशिवाय आलेलं सॅम्पल आम्ही परत पाठवायचो. या कौलाला तर तारीखच नव्हती.

शिवाय, नात हवी म्हणणारी सासू मी तरी पाहिली नव्हती. मनात नातूच असणार. आणि खरंच नात हवी असेल, तर मुलगा झाल्यावर खापर माझ्यावर फुटणार. त्या अंघोळीला गेल्या तेव्हा, नातवासाठीचा एखादा ताईत सापडेल म्हणून, मी त्यांची पिशवी उपसली. वाळ्यांखाली सुंठ आणि डिंक निघाला, बाकी काही नाही. तरी संशय गेला नाही.

मुलगा झाला. वॉर्डात मी बाळाकडे कमी आणि सासूबाईंकडे जास्त बघत होते. त्यांचा चेहरा उतरला, क्षणभरच, पण मी बरोबर टिपला. मग त्यांनी त्याला उचललं आणि बराच वेळ खाली ठेवलंच नाही.

घरी आल्यावर त्यांनी वाळे माझ्या हातात दिले. माझं डोकंच फिरलं. "आई, ते फूल पडताना तुम्ही स्वतः पाहिलंत का?" मी विचारलं.

"नाही गं. मला सासूबाईंनी सांगितलं, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. मीही हेच विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "संशय घे हवा तेवढा. पण दसऱ्याआधी घासत जा, काळे पडतात."

मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

सासूबाई आता नाहीत. मुलगा सेकंडरी स्कूलला जायला लागला त्या वर्षी, दसऱ्याआधी, मी किचनच्या सिंकपाशी जुन्या टूथब्रशने वाळे घासत होते. त्याने विचारलं, हे कोणाचे. तुझ्या मुलीचे, मी म्हटलं, आणि कौलाची सगळी हकिकत सांगितली. तो माझ्याकडे बघत राहिला. ती नजर माझ्या ओळखीची होती.

"पण आई, तो फूल पडला ते तू पाहिला का?"

"नाही," मी म्हटलं, आणि दुसरा वाळा त्याच्या हातात दिला.