दादाकडे सहायक टिकत नाहीत

माझ्या मोठ्या भावाचं डोकं कुणीतरी एकदा उघडून बघायला हवं. हा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. आठवडाभर दुसऱ्यांच्या इमारतींमध्ये कोपरापर्यंत ग्रीसनं माखतो. शनिवारी दुपारी शहाणी माणसं जरा आडवी होतात, तेव्हा हा स्काउटचा गणवेश चढवून शाळेच्या हॉलमध्ये तेवीस पोरांना गाठी शिकवायला जातो. एकोणीस वर्षं हे चाललंय. त्याचा स्वतःचा मुलगा पथक सोडून, मिसरूड फुटून, नोकरीला लागून दुसऱ्या शहरात गेला, तरी दादा तिथंच. वहिनीनं आधी भांडून बघितलं, मग अबोला धरून बघितला. हल्ली ती शनिवारी सरळ मैत्रिणीकडे जाते.

त्यांच्या घरात टेकायला जागा मिळेल तर शपथ. सोफ्यावर तंबू वाळत पडलेला, बाल्कनीत काठ्यांचा भारा, आंघोळीच्या बादलीत दोऱ्या भिजत घातलेल्या. एकदा मी खुर्ची ओढली, तर तिच्या पायांना चार तऱ्हेच्या गाठी मारलेल्या. "नमुन्याच्या आहेत, सोडू नकोस," दादा आतून ओरडला. मी उभ्यानंच चहा प्यायले.

एवढं असूनही मी गप्प बसले असते. पण पथकाला दोन मोठी माणसं लागतात, असा नियम आहे. एक प्रमुख, एक सहायक. आणि दादाकडे सहायक टिकत नाही. टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले, ते दोन महिन्यांत गेले. बेकरीवाला एका सहलीनंतर पुन्हा फिरकला नाही. भूगोलाच्या बाई पाच महिने राहिल्या, तो आजवरचा विक्रम. जाताना प्रत्येकाचं एकच: "वेळ जमत नाही हो." मग दादा माझ्यासमोर येऊन बसणार आणि हल्लीच्या लोकांना कशी चिकाटी उरलेली नाही, यावर तासभर माझं डोकं खाणार. आणि मधल्या रिकाम्या जागी नाव कुणाचं? माझं! गेली चार वर्षं कागदोपत्री मी स्काउटची सहायक आहे. मला बुटाची नाडी धड बांधता येत नाही.

यंदा मात्र मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकानं शनिवारची सुट्टी बंद केली. त्याच आठवड्यात स्काउटच्या वरच्या कार्यालयाचं पत्र आलं: महिनाअखेरच्या सोमवारपर्यंत प्रत्यक्ष हजर राहणारा सहायक दाखवा, नाहीतर पथक बंद, मुलं इतर पथकांत वाटून टाकू. दादानं ते पत्र मला दोनदा वाचून दाखवलं. त्याचा चेहरा इतका उतरला होता की मला त्याच्यावर ओरडतासुद्धा येईना.

नशीब असं की पथकातल्या एका मुलीची आई कबूल झाली. सरकारी दवाखान्यातली नर्स, अपघात विभागात चौदा वर्षं काढलेली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली की पोरं आपोआप रांगेत येत. सगळे तिला सिस्टरच म्हणत. मी मनातल्या मनात तिची दृष्ट काढली.

त्याच दिवसांत भूगोलाच्या बाई नंबर बदलायला दुकानात आल्या. त्यांच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता मी सहज म्हणाले, "तुम्हाला वेळच मिळत नाही ना हल्ली?"

बाई हसल्या. "वेळ? अहो, मी शनिवारी दुपारी पोहायला शिकतेय." मग जरा घुटमळून म्हणाल्या, "मुलांनी माझ्याबरोबर बागेचा नकाशा काढला होता. वाकडातिकडा, पण त्यांनी पावलं मोजून काढलेला. तुमच्या भावानं तो घरी नेला आणि पट्टीनं नवा काढून आणला. सुंदर होता हो. त्यानंतर मी नुसती उभी असायचे."

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. सिस्टरचा तिसरा शनिवार दोन दिवसांवर आला होता.

मालकाच्या हातापाया पडून मी शनिवारी दुपारी दोन तास सुटले आणि हॉलवर गेले. सिस्टर एका मुलाचा हात झोळीत बांधून दाखवत होती. पोरं माना लांब करून बघत होती. गाठ बसली आणि दादा पुढे सरसावला. "छान, छान," म्हणाला, आणि ती गाठ सोडली! "पुस्तकात गाठ जरा वर येते, सिस्टर." त्यानं सगळी झोळी उलगडून पुन्हा बांधली. चौदा वर्षं अपघात विभागात काढलेल्या बाईची! मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तास संपल्यावर सिस्टर पर्स उचलून म्हणाली, "मला वाटतं, वेळ जमणार नाही."

मी जिन्यात तिला गाठलं. "खरं काय ते सांगा."

"ताई, मी दिवसभर मोडलेले हात बांधते. त्या माणसांच्या झोळ्या घरी जाईपर्यंत सुटत नाहीत." मग एक पायरी उतरून ती थांबली. "उद्या एक दिवसाचं शिबिर आहे ना? मी घेते. त्यांनी यावं, बसावं, पण कशालाही हात लावायचा नाही. कशालाही म्हणजे कशालाही. जमलं तर मी सहायक म्हणून सही करते. नाही जमलं तर माझा रामराम."

संध्याकाळी मी दादाच्या घरी जाऊन सगळं ओकून टाकलं. नकाशा, झोळी, सगळं.

"म्हणजे सगळे माझ्यामुळे गेले?"

"हो."

"मग एकानं तरी तोंडावर का नाही सांगितलं?"

"कारण ती सभ्य माणसं होती. मी तुझी बहीण आहे."

त्यानं हातातली दोरी चाळवली. "अगं, दुसऱ्यानं आवळलेला नट मी तपासला नाही, तर लिफ्ट माणसांसकट खाली येते."

"तो तंबू आहे, दादा. पडला तर किती खाली पडेल?"

वहिनी स्वयंपाकघरात भांडी आपटत होती, ती आपटायची थांबली. माझी बाजू ऐकून घ्यायला इतक्या वर्षांत कुणीतरी मिळालं.

रविवारी पंपघरामागच्या मैदानात शिबिर लागलं. दादाला घडीच्या स्टुलावर बसवलं आणि शेजारी मी, पहारेकरी. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

"खुंटी सरळ ठोकली त्यांनी," तो पुटपुटला.

"गप्प बस."

"अगं, दोरी ढिली राहते तशानं. वारा आला की—"

"दादा!"

त्यानं अख्खी बाटली पाणी पिऊन टाकलं. दहाच्या सुमाराला खरंच वारा आला आणि मधला तंबू तीन पोरांना पोटात घेऊन खाली बसला.

दादा उठला. दोन पावलं पुढे गेलासुद्धा. मैदानाच्या त्या टोकाला सिस्टर उभी होती, आणि ती तंबूकडे बघतच नव्हती, दादाकडे बघत होती. एकोणीस वर्षांचं पथक त्या तिसऱ्या पावलावर अडकलं होतं. दादानं हात खिशात कोंबले, वळला आणि येऊन बसला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

कापडाखालून आधी खिदळणं ऐकू आलं. मग सिस्टरची मुलगी ओरडली, "अरे, खुंटी तिरकी ठोक, तिरकी! बाहेरच्या बाजूला!" पोरांची धावपळ झाली, भांडाभांडी झाली. पंधरा मिनिटांत तंबू उभा राहिला. जरा फेंगडा होता, पण संध्याकाळपर्यंत हलला नाही.

निघताना सिस्टरनं डब्याच्या झाकणावर कागद ठेवून सही केली. माझं नाव तिनं स्वतः खोडलं. मला इतकं हलकं वाटलं की घरी जाताना मी दादाचं तोंडभरून कौतुक करत सुटले. तो दोऱ्यांची पिशवी खांद्यावर टाकून मुकाट चालत होता.

"काय झालं आता? राहिलं ना पथक?"

"राहिलं." थोडं चालल्यावर तो म्हणाला, "तंबू पडला ना, तेव्हा एकानंही माझ्याकडे बघितलं नाही गं."

त्याचा आवाज ऐकून मला भडभडून आलं. वर्षानुवर्षं या माणसावर मी चिडतेय, आणि तरी आलं. पण मी बहीण आहे, मला गोड बोलता येत नाही.

"मग एकोणीस वर्षं तू त्यांना दुसरं काय शिकवत होतास? आपलं आपण उभं करायलाच ना?" मी विचारलं.

दादा जागच्या जागी थांबला. मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवून वाजवून वैतागला, तरी त्याला बाजूला व्हायचं सुचेना.