ग्रीकांच्या शरीरावरून झालेलं भांडण

पापनाशमहून तंजावूरला येणारी बस माणसाला उसासारखी पिळून काढते. शेतातल्या भातावर एक नजर टाकून यायचं, एवढंच माझं काम. पण परतताना राजवाड्यामागच्या गल्लीत शिरेपर्यंत माझी हाडं जागची हललेली असतात, आणि मी ती एकेक गोळा करत घरी येतो. त्या संध्याकाळीही तसाच येऊन पानावर बसलो.

समोर नात. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून निघतं तमिळ. वर्षभर मी तिला जेवताना, रोजचे शब्द कुठून आले याच्या जुन्या ग्रीकांच्या गोष्टी सांगत होतो. अंधारातल्या माणसांना उजेडाची ओढ लागायची, त्या ओढीवरून त्यांच्या भाषेत दिवसाला नाव पडलं. पाहिलेल्या गोष्टीकडे मान वर करून विचार करतो, तो माणूस. बैल कुठे करतो? ग्रीकांचं संपलं तेव्हा मी माझं घुसडलं. रसमाच्या वासावर अर्धं अथेन्स कावेरीकाठी येऊन उतरलं होतं, हेही तिनं मुकाट्यानं ऐकलं. सगळा खटाटोप तिच्या तोंडून एक मराठी वाक्य यावं म्हणून. ते काही येईना. माझ्यामागे या घरात मराठी बोलणार कोण, हा विचार करायचंही आता त्राण नव्हतं.

"आज छोटीच गोष्ट," मी म्हणालो. "ग्रीक शरीराला थडगं म्हणायचे. आत जीव पुरलेला."

त्या बसमधून उतरलेल्याला हे लगेच पटतं. तिचा घास मात्र हातातच थांबला.

आमच्या घरची एक रीत आहे: भांडायचं ते मराठीत. भिंतीला भिंत लागून तमिळ शेजारी, त्यांना कळायला नको. पिढ्यान् पिढ्या आमची अब्रू अशीच झाकलेली आहे.

"ताता, तुम्ही खोटं बोलता!" ती चक्क मराठीत कडाडली. "परवा शरीर म्हणजे तुरुंग म्हटलं. आज थडगं कसं?"

गंमत म्हणजे, त्या आठवड्यात मी खरं बोललो ते याच दोन वेळा. शरीराच्या त्यांच्या शब्दाचे ग्रीकांनी दोन्ही उगम सांगितलेत. एका शब्दाला एक उगम त्यांना पुरत नसे. पण हे समजावलं असतं, तर भांडण तिथंच मिटलं असतं.

"बरं बाई, खोटं," मी म्हणालो. "आणखी काय काय खोटं सांगितलं मी?"

तिनं घास पानात ठेवला आणि रसमापासून सुरुवात केली. माझ्या पापण्या जड झाल्या होत्या. तरी मी ताकासाठी आणखी भात वाढून घेतला.