जाऊबाईंचं वटवाघूळ

जगातली प्रत्येक वस्तू मुळात कापडाचीच असायची होती, लोकांनी निव्वळ आळसापायी ती लाकडाची, लोखंडाची नाहीतर प्लास्टिकची करून टाकली, असं आमच्या थोरल्या जाऊबाईंचं ठाम मत आहे. हे मत त्या बोलून दाखवत नाहीत, शिवून दाखवतात. दोह्यातल्या त्यांच्या घरात फ्रिजच्या मुठीला बाही होती, गॅसच्या सिलिंडरला झालरीचा परकर होता, टीव्हीच्या रिमोटला पुढून उघडणारं कुडतं होतं. माझे दीर, म्हणजे त्यांचे यजमान, गॅस कंपनीत इंजिनिअर. त्यांच्या साइटवरच्या हेल्मेटला जाऊबाईंनी आतून मऊ सुती अस्तर लावलं होतं आणि त्या अस्तरावर बारीक गुलाबी फुलं होती. दीर मितभाषी. त्यांनी तक्रार केली नाही. फक्त हेल्मेट डोक्यावरून काढलं की ते लगेच टेबलावर पालथं ठेवायचे.

लग्न होऊन मी नाशिकहून पहिल्यांदा दोह्याला उतरले तेव्हा दोघं विमानतळावर घ्यायला आले होते. नवा देश, परकी भाषा. जाऊबाईंनी मला जवळ घेतलं, माझ्या ड्रेसचा खांदा चिमटीत पकडला आणि म्हणाल्या, "खांदा उतरलाय. शुक्रवारी घेऊन ये, उसवून देते." हे माझं स्वागत. पण खरं सांगायचं तर त्या वाक्यानं माझी भीती निम्म्यानं कमी झाली. ज्या गावात आपला उतरलेला खांदा कोणाच्या तरी लक्षात येतो, त्या गावात राहता येतं.

त्यांचं मशीन कराडचं, माहेरचं. काळं, हातानं चाक फिरवायचं. ते त्यांनी दोन लुगड्यांत गुंडाळून बॅगेतून आणलं होतं. कस्टमच्या माणसाला त्यात काय दिसलं कोण जाणे, त्यानं बॅग उघडायला लावली. जाऊबाईंना तेव्हा अरबी येत नव्हतं आणि इंग्रजी घाबरल्यावर विसरायचं. त्यांनी पदराला खोचलेली सुई काढली आणि त्याच्या बाहीचं लोंबणारं बटण तिथंच उभ्याउभ्या पक्कं करून दिलं. तो म्हणाला, "खलास. यल्ला." आणि बॅग बंद केली. असं जाऊबाई सांगतात. हा प्रसंग निघाला की दीर छताकडे बघत बसतात.

आम्ही नवरा-बायको अल मुंतझातल्या फ्लॅटमध्ये आणि ते अल अझीझियाच्या बाजूला कंपनीच्या कंपाउंडात राहत. एका भिंतीच्या आत एकसारखे व्हिला, त्यात गोरी कुटुंबं बरीच, काही लेबनीज, देशी दोनतीन. दर ऑक्टोबरच्या शेवटी तिथली मुलं वेश करून दारोदार फिरायची आणि ओंजळभर चॉकलेटं घेऊन यायची. पुतणी सई तिसरीत असताना तिला पहिल्यांदा बोलावणं आलं. ही काहीतरी वेशभूषा स्पर्धा असणार, असं जाऊबाईंनी गृहीत धरलं आणि कराडच्या शाळेत स्वतःला ज्यासाठी बक्षीस मिळालं होतं तोच पोशाख सईला शिवला. वांगं. जांभळं सॅटिन, आत गच्च कापूस, डोक्यावर हिरवा देठ आणि देठाला काटेसुद्धा. कारागिरी अशी, की भाजीवाल्यानं उचलून तागडीत ठेवावं. सई भुतं आणि चेटकिणींच्या घोळक्यात निघाली. प्रत्येक दारात तिला विचारलं गेलं, तू कोण आहेस? पहिल्या दारात तिनं सांगितलं. तिसऱ्या दारापासून ती गप्प झाली. घरी आली ती देठ हातात घेऊन. जाऊबाईंनी तिचे डोळे पुसले, देठ उशीखाली ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बघू की."

हे "बघू की" ऐकायला साधं वाटतं. पण घरातल्यांना ठाऊक होतं, की हे शब्द निघाले म्हणजे आता पृथ्वी फिरायची थांबली तरी काम होणार.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात त्यांना मुलगा झाला. ऑक्टोबर आला तेव्हा बाळ चार महिन्यांचं, दिवसाउजेडी न झोपणारं आणि आईच्या अंगावरून खाली ठेवलं की कंपाउंडाच्या फाटकापर्यंत आवाज पोचवणारं. सगळ्यांनी सांगितलं, यंदा राहू दे. दिरांनी एका संध्याकाळी चक्क दुकानातून तयार पोशाख आणला. जाऊबाईंनी तो उलटा केला, शिवण बोटानं चाचपली, एक टोक ओढलं आणि बाही हातात आली. "बघा," त्या शांतपणे म्हणाल्या, "एकेरी धागा." मग सईला जवळ बसवून विचारलं, तुला काय व्हायचंय? या वेळी त्यांनी स्वतःचं काही सुचवलं नाही. सईला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. ती म्हणाली, "बॅट. विथ विंग्ज दॅट ओपन." आणि थोडं थांबून, खाली बघत, "आई, डोन्ट मेक मी द राँग थिंग अगेन."

मी तिथंच होते. जाऊबाईंचा चेहरा हलला नाही. पण त्यांनी टेप गळ्यात घातली ती महिनाभर काढली नाही.

त्या महिन्यात मी दर शुक्रवारी तिकडे जायचे आणि दर शुक्रवारी तेच दृश्य दिसायचं. हॉलमध्ये दोन जड कपाटांच्या मधे साडीची झोळी बांधलेली, झोळीत बाळ. झोळीची दोरी जाऊबाईंच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला. एका हातानं चाक, दुसऱ्या हातानं कापड, पायानं झोका. मी विचारलं, "वहिनी, आणि हा डावा पाय?" तर म्हणाल्या, "तो फोन आला तर." तोंडात टाचण्या असल्यामुळे अंगाईगीत नुसतं हुंकारात चालायचं. बाळ जागं झालं की त्याला मांडीवर घेऊन काम पुढे. पाजताना हातशिलाई, ढेकर काढताना काजाबटण. पंखाचा बाक बरोबर पडतो का हे बघायला त्या बाळाच्या पाठीवर कापड धरायच्या, आणि बाळ हसायचं. ते हसलं म्हणजे बाक बरोबर, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

काळ्या कापडाला दोह्यात तोटा नाही. अबाया शिवणाऱ्यांच्या गल्लीत जाऊन त्यांनी काळ्या जॉर्जेटच्या इतक्या छटा पाहिल्या की दुकानदार थकून खुर्चीत बसला. पंखांच्या काड्यांसाठी दिरांची छत्री गेली. "इथं पाऊस कुठं पडतोय?" जाऊबाई म्हणाल्या, आणि त्या वर्षी दोनदा पडला. उरलेल्या तुकड्यांत त्यांनी बाळाची झबली-टोपडी शिवली, त्यामुळे ते पोर महिनाभर काळ्या कपड्यांतच दिसायचं. फोटो नाशिकला पोचले तेव्हा सासूबाईंचा फोन आला, की तान्ह्या बाळाला असं नखशिखांत काळं का घातलंय. जाऊबाईंनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, "बोरनहाणाची तयारी आहे, आई. संक्रांतीला घाई नको व्हायला." सासूबाई खूश झाल्या. थोरली सून दूरदृष्टीची आहे, असं त्यांनी मला मुद्दाम कळवलं.

वटवाघूळ तयार झालं. सईनं हात पसरले की पंख सळसळत उघडायचे, हात मिटले की घडी पडायची. ती आरशासमोरून हलेना. आणि दुसऱ्याच दिवशी कंपाउंडात सूचना लागली. रमजान सुरू झाला आहे, त्याचा मान राखून यंदा वेश करून दारोदार फिरण्याचा कार्यक्रम होणार नाही.

सई रडली नाही. तिनं पंख मिटून कपाटात टांगले आणि गृहपाठाला बसली. ते बघून दिरांनाच भरून आलं. ते म्हणाले, "जाऊ दे, सूचना आलीय म्हटल्यावर काय करणार?"

जाऊबाईंनी बाळाला कडेवर घेतलं, पंख पिशवीत भरले, सईचा हात धरला आणि मला म्हणाल्या, "चल गं." कंपाउंडाच्या मागच्याच बाजूला त्या जागेच्या कतारी मालकांचं मोठं घर होतं. तिथं त्यांची म्हातारी आई राहायची. आम्हाला बायकांच्या बैठकीत बसवलं. आजीबाई आल्या, चेहऱ्यावर खूप सुरकुत्या आणि हातावर मेंदी. तरुणपणी नवऱ्याबरोबर मुंबईला जाऊन-येऊन राहिल्यामुळे त्यांना मोडकी हिंदी येत होती. जाऊबाईंची हिंदी कराडची. दोघींचं छान जमलं.

"रमजान में शैतान सब बंद," आजीबाईंनी समजावलं. "भूत बाहर नहीं आता."

"ये भूत नहीं है, अम्मा," जाऊबाई म्हणाल्या. "ये सादा प्राणी है. उलटा लटकता है, बस." आणि त्यांनी पंख उघडून दाखवले.

आजीबाईंनी पंख हातात घेतला. त्याची वरची बाजू त्यांनी पाहिलीच नाही. सरळ उलटा केला, शिवण बोटानं चाचपली, एक टोक ओढून पाहिलं. टोक हललं नाही. त्यांनी जाऊबाईंकडे वर बघितलं आणि विचारलं, "मशीन? हाथ का?" जाऊबाईंनी हवेत चाक फिरवून दाखवलं. आजीबाईंनीही हवेत चाक फिरवलं. त्यांच्याकडेही असंच होतं, सगळी मुलं लहान असताना, हे घर व्हायच्या कितीतरी आधी. तेव्हा एक मूल मांडीवर असायचं, असं त्यांनी मांडीवर थाप मारून सांगितलं. मग त्यांनी बाळाला मागून घेतलं. सगळ्यांच्या अंगावर किंचाळणारं ते बाळ त्यांच्या खांद्यावर पाच मिनिटांत झोपलं, आणि जाऊबाई, मी पहिल्यांदाच पाहत होते, दोन्ही हात रिकामे घेऊन बसल्या. त्या हातांचं काय करावं हे त्यांना कळेना.

भुतांना परवानगी मिळाली नाही. पण आजीबाई म्हणाल्या, रमजानच्या मध्यावर गरंगाओ असतो. त्या संध्याकाळी मुलं नटूनथटून, गळ्यात कापडी पिशव्या अडकवून, गाणी म्हणत घरोघर जातात आणि लोक त्यांना सुकामेवा, गोळ्या देतात. "बेटी को भेजो." आणि त्यांनी नातीचा पोशाख आणून दाखवला. रंगीत झगा, आणि डोक्यावरून कमरेपर्यंत येणारी काळी झिरझिरीत ओढणी, कडेनं भरघोस जर. तिला बुखनक म्हणतात.

घरी येताना सई मधेच थांबली. म्हणाली, "आई, विंग्जचं कापड सेम आहे." तिच्या तोंडून सबंध मराठी वाक्य मी बऱ्याच दिवसांनी ऐकत होते. जाऊबाई म्हणाल्या, "कापावं लागेल. मग वटवाघूळ नाही राहायचं." सईनं जरा विचार केला आणि मान हलवली. काप म्हणाली.

त्या दुपारी जाऊबाईंनी महिनाभराचं काम स्वतःच्या हातानं उसवलं. एकदाही सुस्कारा टाकला नाही. छत्रीच्या काड्या काढून दिरांना परत दिल्या. जरीसाठी त्यांनी कपाट उघडलं आणि स्वतःच्या डोहाळजेवणातल्या हिरव्या साडीचे काठ कापले. मी हात धरायला गेले तर म्हणाल्या, "अगं, साडी घडी करून ठेवायला असते का? ती घालायला असते. आता ही घालेल." वर आजीबाईंच्या नातवंडांसाठी पिशव्याही शिवल्या, कोणी सांगितलं नव्हतं तरी. पायाला दोरी होतीच.

गरंगाओच्या संध्याकाळी, रोजा सुटल्यावर, सई त्या मुलांच्या रांगेत उभी राहिली. दाराशी आजीबाई टोपली घेऊन बसल्या होत्या. प्रत्येक मुलाच्या पिशवीत मूठभर बदाम, अक्रोड, गोळ्या पडत होत्या. सईची पाळी आली. आजीबाईंनी तिच्या डोक्यावरच्या जरीच्या काठावरून हात फिरवला, त्यावरचे मोर निरखून पाहिले आणि टोपलीतले अक्रोड दोन्ही हातांनी भरभरून दिले. तू कोण आहेस, असं त्या संध्याकाळी सईला कोणी विचारलं नाही. ती पुढच्या दाराकडे पळाली, मुलांच्या मागे, शब्द न कळणारं गाणं मोठ्यानं म्हणत. जाऊबाई बाळाला घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं तर म्हणाल्या, "डावीकडे जरा वर गेलंय. उद्या बसवते." आणि पदरानं डोळे टिपले.

पुढेही काही वर्षं रमजान त्याच सुमारास यायचा, त्यामुळे कंपाउंडातली भुतं बंदच राहिली. जेव्हा ती पुन्हा बाहेर पडली तेव्हा सई वेश करण्याच्या वयापुढे गेली होती, आणि बाळाला मॉलमधला, छातीवर दिवा लागणारा पोशाख हवा होता. जाऊबाईंनी तो आणून दिला. रात्री फक्त सगळ्या शिवणी दुहेरी करून घेतल्या.

दहावी झाल्यावर सई अकरावीसाठी पुण्याला गेली, इथली बरीच मुलं जातात तशी. त्या दिवाळीआधी मी अल अझीझियाला गेले तेव्हा जाऊबाई जमिनीवर बसून तिच्यासाठी कुर्ता बेतत होत्या. निळं कापड पसरलेलं, हातात खडू, आणि हात थांबलेला. मी विचारलं, काय झालं?

"तिचं आत्ताचं माप मला ठाऊक नाही गं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, फोन करून विचारा की. त्या म्हणाल्या, विचारलं, पण तिच्याकडे टेप नाही, मीडियम म्हणाली. मग खडू टेकवला आणि रेघ नेहमीपेक्षा खूप बाहेरून ओढली.

"आत माया जास्त सोडते," त्या म्हणाल्या. "लागेल तशी उसवून घेईल."