कापसातली आंघोळ

माझ्या अंगात थंडी शिरली ती वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आणि तीही मुलीच्या सोयरिकीच्या ऐन दिवसांत.

त्याआधी तीस वर्षं मी पहाटे विहिरीवर उघड्यावर आंघोळ करत असे. इंझोरीत माझी ओळखच ती. वांगी-मेथी पिकवणारे पुष्कळ होते. पण मार्गशीर्षात डोक्यावर बादली उपडी करणारा मी एकटाच! (विहिरीतून ताजं काढलेलं पाणी हिवाळ्यात कोमट असतं, हे आम्हा भाजीवाल्यांना ठाऊक असतं. गावाला आपणहून कशाला सांगा?) शेगडीला चिकटलेल्या म्हाताऱ्यांना मी चारचौघांत विचारायचो, "काहून आबा, अंगात रक्त हाय का ताक?" त्यांतले काही अजून माझ्याशी बोलत नाहीत.

त्या वर्षी काय झालं कोण जाणे. पाणी कोमटच होतं, पण नंतरचं वारं हाडांत शिरू लागलं. दातांचा आवाज शेजाऱ्यांना जाईल म्हणून मी तोंडात पंच्याचा बोळा धरून आंघोळ करू लागलो. मग उपाय सापडला. आमच्या मागच्या खोलीत वेचणीचा कापूस कमरेइतका रचलेला होता. कापूस किती ऊबदार असतो हे आत घुसल्याशिवाय कळत नाही! पहाटे बादली वाजवत बाहेर पडायचं, वळसा घालून मागच्या दारानं कापसात शिरायचं आणि तासाभरानं केसांवर चार थेंब शिंपडून पुढच्या दारानं "हर हर" करत यायचं. तीन आठवडे हे बिनबोभाट चाललं.

अशात आमच्या शेवंतासाठी धनजच्या मारोतरावांच्या मुलाचं स्थळ आलं. मारोतरावांची अट एकच, घराणं काटक हवं. मध्यस्थानं त्यांना माझ्या आंघोळीची गोष्ट सांगितली होती, आणि तेवढ्यावर सगळं जुळत आलं होतं. ते बोलणी करायला येणार, त्याच्या दुसऱ्याच दिवशी पौष लागणार होता. पौषात सोयरीक कोण बोलतं? म्हणून दुपारी येणारे मारोतराव, दिवस हातचा जाऊ नये म्हणून, सूर्य उगवायला बैलांची दमणी जुंपून दारात हजर! मी अर्थातच आंघोळीला गेलो होतो. म्हणजे कापसात.

"शेवंताचे बाबा कुठं हायेत?" मारोतरावांचा आवाज आला.

"विहिरीवर. गार पान्याशिवाय जमत नाही त्यायले," बायको म्हणाली. मला तिचा फार अभिमान वाटला.

"वा! असाच इवाई पाह्यजे मले. पन बाई, ओसरीत लय वारं हाय. मी आतल्या कापसावर बसतो."

"नका जी, तिथं उंदरं हायेत!"

"असू द्या. दमणीत बसून जरासा आकडलो मी."

आमच्याकडे पाहुण्याला कापसाच्या ढिगावर सतरंजी टाकून बसवतात, त्यामुळे बायकोला पुढे काही बोलता येईना. मारोतराव बसले ते नेमके माझ्या पोटावर. खात्यापित्या घरचे गृहस्थ होते.

"काय गरम हाय बाई तुमचा कापूस!"

"यंदाचं पीकच तसं हाय," बायको म्हणाली.

मारोतरावांनी हात शेकायला कापसात खुपसला. तो माझ्या तोंडावर आला.

"बाई, आत मांजर हाय का?"

"हाय."

"मिशा लय दाट हायेत तिच्या."

"जुनी हाय ती."

चहा घेऊन शेवंता दारात आल्याचं मला बांगड्यांवरून कळलं. तिनं त्या मुलाला जत्रेत लांबून पाहिलं होतं आणि तेव्हापासून ती उगाचच गाणी गुणगुणायची. पोरीचं सुख माझ्या बढाईपायी मोडणार, या विचारानं मला खरंच रडू आलं. रडण्यानं नाक हुळहुळलं. त्यात कापसाचे तंतू! मी अशी शिंक दिली की अर्धा ढीग कोसळला आणि मारोतराव सतरंजीसकट उंबऱ्यापर्यंत घसरत गेले.

मी उभा राहिलो. डोकं, भुवया, मिशा, सगळं पांढरं.

"आले हे आंघोळ करून," बायको म्हणाली.

मारोतरावांनी माझ्या कोरड्या धोतराकडे पाहिलं.

"पानी लय थंडं होतं का?"

"होतं जरा," मी म्हणालो.

"पोरी, दार लोट," त्यांनी शेवंताला सांगितलं. आता पाणउतारा होणार म्हणून मी मान खाली घातली. मारोतराव अगदी जवळ आले.

"आत आनखी एकाची जागा हाय का? मी रोज नाल्यावर आंघोळ करतो, असं सांगून ठेवलं धनजात. यंदा लय जड जाऊन राह्यलं, राजा!"

दुपारच्या आत सुपारी फुटली. पाहुणे गेल्यावर मी बायकोला विचारलं, "तुले कधी कळलं?"

"पयल्याच दिवशी. विहिरीवरून येनाऱ्याच्या पाठीले कापूस कसा लागन?"

लग्न छान पार पडलं. शेवंता सुखात आहे. मारोतराव दर मार्गशीर्षात महिनाभर आमच्याकडे राहायला येतात. दोघे काटक व्याही विहिरीवर बरोबर आंघोळ करतात, अशी गावभर ख्याती आहे आणि पहाटे कुंपणापलीकडे कान देऊन उभे राहणारेही आहेत. पाहुण्याचा मान मोठा, म्हणून मारोतराव कापसात असतात. मी विहिरीवर असतो, आणि दोन बादल्या ओतून घेतो: एक माझी, एक त्यांची.