तीन म्हटल्याशिवाय

बीए तीन वर्षांत होतं म्हणतात. आमच्या रविवारच्या वर्गात अभ्यास मागे राहिला आणि किस्सेच इतके साठले की त्यांचीच पदवी मिळायला हवी! नोकरी सांभाळून बाहेरून परीक्षा देणारे आम्ही. मी औषधाच्या दुकानातला. वर्ग नागपूरच्या जरीपटक्यातल्या एका शाळेत, बेंच चौथीच्या पोरांचे. बसलं की गुडघे हनुवटीला लागायचे.

*

घनश्यामदादा कळमन्याच्या बाजारात हर्रास बोलायचे, म्हणजे धान्याच्या ढिगापाशी उभं राहून लिलावाचा भाव पुकारायचे. वय पन्नाशीचं. तरुणपणी कॉलेज अर्धवट सुटलं, ते त्यांना सलायचं. मुलगी दरवर्षी स्वतःचा फॉर्म भरताना विचारायची, वडिलांचं शिक्षण काय लिहू?

दादा म्हणायचे, "लिही, चालू आहे."

*

पाठांतरही ते बाजारातल्या आवाजात करायचे. सरांनी जरा हळू वाचायला सांगितलं.

"सर, हळू बोलून माल जात नाही," दादा म्हणाले.

*

गाडी अडली इंग्रजीत. बाजारात मूठभर दाणे पाहून अख्ख्या ढिगाचा अंदाज घेतात. दादांनी त्याच हिशेबाने प्रत्येक धड्याचं पहिलं पान वाचलं. बाकीचं तसंच असणार! पेपर आला शेवटच्या पानांवर.

पुढच्या वेळी ते शहाणे झाले. फक्त शेवटची पानं वाचून गेले. पेपर कशावर आला, हे सांगायला नकोच.

*

दुसऱ्यांदा नापास झाल्यावर दादा पुस्तकं परत करायला आले. "मले नाही जमत आता. पोरगी पास होऊन राहिली अन् बाप नापास. काहून हसं करून घेऊ?"

शोभाताई खापरखेड्याला कॅन्टीनमध्ये पोळ्या करायच्या. आमच्यात सगळ्यांत कमी बोलणाऱ्या त्याच. त्यांनी पुस्तकं उचलून पुन्हा दादांच्या हातात दिली.

"दादा, एक बार झालं, दो बार झालं. तीन म्हटल्याशिवाय तुम्ही माल सोडता का?"

तीस वर्षं रोज पाळलेला नियम, मोडणार कसा? त्या दिवसापासून दादांनी पुस्तक पहिल्या पानापासून धरलं आणि शेवटच्या पानाला सोडलं.

*

तिसऱ्यांदा दादा पास झाले. अगदी काठावर, पण बीए पास! पुढच्या रविवारी टोपलीभर संत्री घेऊन आले. मुलीने फॉर्मात आता काय लिहिलं, ते प्रत्येकाला वेगवेगळं गाठून सांगितलं.

संत्री सोलता सोलता शोभाताईंचा निकाल मी मोबाइलवर उघडला. अर्थशास्त्रात राहिल्या होत्या. त्यांनी वही पिशवीत घातली, पदर सावरला आणि दाराकडे निघाल्या.

दादा उठले. हातातलं अर्धं संत्रं बेंचवर ठेवलं आणि कळमन्यातल्या भरदार आवाजात पुकारलं,

"शोभाताई... एक बार!"