तो दिसला तर

माझा उजवा पाय हलतो. खुर्चीत बसलो की हलतो, जेवताना हलतो, कंपनीत मीटिंग चालू असली की टेबलाखाली हलतो आणि शेजारच्याचा चहा बशीत सांडतो. बायको म्हणते, बसून पाय हलवला की घरातली लक्ष्मी जाते. आई म्हणते, "ती आली कवा होती जायाला?" मध्यंतरी साधारण सहा महिने हा पाय अगदी गप्प होता. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात या पायाचा हात आहे.

मी बोईसरला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. तीन पाळ्यांत आयुष्य चाललंय. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. आई मात्र पालघरच्या पूर्वेला, डोंगरातल्या शेवटच्या पाड्यावर. वडील गेल्यापासून एकटीच. पावसाच्या भरवशावरची दोन भातखाचरं, उतारावर थोडी नागली, चार कोंबड्या. त्या वर्षीच्या पावसाळ्यात ती बांधावरून घसरली आणि कमरेत लचक भरून चिखलात पडून राहिली. दुपारी खेकडे धरायला आलेल्या एका बाईला ती दिसली, म्हणून वाचली. मला कळलं ते तिसऱ्या दिवशी.

त्यानंतर माझ्या जिवाला थारा राहिला नाही. पाड्यावर फोनला रेंज फक्त एका ऐनाच्या झाडाखाली मिळते. रोज संध्याकाळी आई तिथं येऊन उभी राहायची आणि मी फोन करायचो. पाच मिनिटं उचलला नाही तर मी गॅलरीत येरझाऱ्या घालायचो. "बोईसरला ये" म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, "येन ना." भात लावला की येन, भात कापला की येन, बारस झाली की येन.

ही बारस म्हणजे दिवाळीच्या तोंडावरची वाघबारस. पाड्याच्या शिवेवर शेंदूर फासलेली एक लाकडी फळी उभी आहे. तिच्यावर चंद्र, सूर्य आणि मध्ये वाघ कोरलाय. त्या देवाला त्या दिवशी नारळ आणि कोंबडा. आमच्या डोंगरात आता पट्ट्याचा वाघ राहिलेला नाही. बिबट्या असतो, पण आई त्याला 'धाकला' म्हणते, फार मान देत नाही. मोठ्याला तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. तरी लग्न होऊन आल्यापासून एक बारस चुकवली नव्हती.

कंपनीतल्या काही जणांनी दिवाळीनंतर नेपाळची सहल काढली. काठमांडूची देवळं आणि परतीला तराईच्या जंगलात दोन दिवस. मी आईचंही नाव घातलं. माझा डाव सरळ होता. देवळं दाखवायची, खूश करायची आणि गाडीत बसल्या बसल्या बोईसरला यायचं कबूल करून घ्यायचं. ती नाही म्हणेल असं वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "त्या रानात तो हाय?" हाय म्हटल्यावर तिनं गाठोडं बांधलं.

सीमेवर गाडी थांबली तेव्हा तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं. एक कमान, धूळ, ट्रकांची रांग, वडे तळणारा माणूस. "ह्यो परदेस?" ती म्हणाली. "आपल्या मनोरच्या नाक्यासारकाच हाय." देवळांतही तिनं हात जोडले आणि पुढं झाली. तिचं चित्त जंगलाकडं होतं.

जंगलातल्या पहिल्या फेरीला उघड्या जीपमध्ये आम्ही दहाजण होतो. दोन्ही बाजूंना जीपपेक्षा उंच गवत, मागं सालाची झाडं. मध्येच एक सावरीचं झाड दिसलं, तर आईनं ओळखीचं माणूस भेटल्यासारखी मान हलवली. मग एका डबक्यात गेंडा दिसला. आईनं त्याच्या अंगावरच्या चामड्याच्या घड्या नीट न्याहाळल्या आणि म्हणाली, "ह्याला देवानं घाईत शिवला." सगळी जीप हसली. त्या भरात मी मोठ्यानं विचारलं, "गाईडभाऊ, बाघ कब दिखेगा? बाघ?"

आईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की दोन दिवस निळं होतं. आणि तो गाईड, जंगलाकाठच्याच गावातला पन्नाशीचा माणूस, आवाज उतरवून म्हणाला, "साहब, यहाँ नाम नहीं लेते. 'वो' बोलिए."

आईला हिंदी बेताचंच कळतं, पण एवढं कळलं. आमच्या डोंगरातही रानात त्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं म्हणजे हाक मारली. हे मला लहानपणी शिकवलेलं होतं. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की गाईड तिचा मुलगा आणि मी कुणी बाहेरचा. मग पुढं बघत, मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली,

"एवडी वर्सं त्याला कोंबडा दिला, कदी तोंड दाकवलान नाय. आता इचारायलाच आली हाय मी. तो दिसला, तर त्याला मी तिकडं पायजे हाय. मी माज्या घरी. नाय दिसला, तर मी सुटली. तुज्या बोईसरला येतंय."

त्या क्षणापासून त्या जीपमध्ये वाघ दिसू नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेला मी एकटाच होतो. माझ्या शेजारी आमचा पॅकिंगचा सुपरवायझर हातभर कॅमेरा घेऊन बसला होता. "दिसलाच पाहिजे रे," तो म्हणाला. "हो ना," मी म्हणालो आणि खोकलो. पुन्हा खोकलो. पाय तर हलतच होता, जीपच्या पत्र्यावर टकटक टकटक. शेवटी गाईडनं मागं वळून हात जोडले, "साहब, पैर." मी सॉरी म्हटलं आणि थोड्या वेळानं परत सुरू केलं. त्या फेरीत एकही वाघ दिसला नाही आणि त्याचं श्रेय मी माझ्या पायाला दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव बघायचा कार्यक्रम होता. जंगलाच्या कडेला थारू लोकांची वस्ती. मातीच्या भिंती, त्यांवर मातीचेच उठवलेले मासे आणि मोर. आमची माणसं सरळ घरांत घुसली. कुणी कणगीचं झाकण उघडून बघतंय, कुणी चुलीजवळ उभं राहून फोटो काढतंय. मीही गाईडच्या मागं एका घरात शिरलो. मागून आईचा आवाज आला, "बस कोनी सांगला तुला?"

ती अंगणाच्या बाहेर उभी होती. आमच्या पाड्यावर परक्या घरी गेलं की अंगणाच्या कडेला थांबायचं आणि खाकरायचं. आतून कोणी 'बस' म्हटलं तरच पुढं व्हायचं. कोणी म्हटलं नाही, तर आल्या वाटेनं परत. आई तिथं थांबून खाकरली. आतून एक म्हातारी आली. तिनं आईकडं पाहिलं, आत जाऊन चटई आणली आणि अंगणात टाकली. मी ओशाळून त्या घरातून बाहेर आलो.

दोघी बसल्या. भाषेचा पत्ता नाही. आईनं धुळीत मूठ टेकवली, बोटांच्या पेरांनी पंजा उमटवला आणि भुवया उडवल्या. म्हातारी हसली. तिनं तो पंजा पुसला आणि त्याच्या दुप्पट मोठा काढला. मग बकऱ्यांच्या गोठ्याकडं बोट केलं. त्याला मांडीएवढे जाड वासे लावले होते. आईनं गाईडला जवळ बोलावलं. त्यानं सांगितलं, ही एकटीच राहते, मुलगा शहरात आहे, "बुलाता रहता है, ये जाती नहीं." माझ्या कानाची पाळी तापली. हे मुद्दाम ठरवून आणलंय की काय, असंही वाटून गेलं.

"इचार तिला, एकटीला भ्या नाय वाटत?" आई म्हणाली.

गाईडनं विचारलं आणि हसत उत्तर सांगितलं, "लगता है. तब ज़ोर से खाँसती है."

आई मोठ्यानं खाकरली. म्हातारी त्याहून मोठ्यानं. दोघी एकमेकींच्या गुडघ्यावर थापा मारत हसत सुटल्या. मी घड्याळ बघत होतो. मला तिथून तिला उठवायची घाई झाली होती.

दुपारची फेरी शेवटची. पुन्हा तीच जीप, तेच गवत. परतायची वेळ झाली तेव्हा डाव्या हाताला पाणवठ्यावर गेंड्याची मादी आणि तिचं पिल्लू आलं. सगळे डावीकडं वळले, गाईडसुद्धा. आईसुद्धा. मी एकटा उजवीकडं वाकलो होतो, कारण हलत्या पायातली चप्पल सीटखाली गेली होती. चप्पल घेऊन मान वर केली, तर गवतात तो.

तो उभा होता. जीपपासून तीन-चार जीपा मावतील एवढ्या अंतरावर. गुरगुरणं नाही, काही नाही. फाटक उघडायची वाट बघत थांबलेल्या माणसासारखा, आमची गाडी हलायची वाट बघत होता. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. आईचं कोपर माझ्या कोपराला लागलेलं होतं. नुसतं जरा ढोसलं असतं तरी पुरलं असतं.

मी ढोसलं नाही. गवत मिटलं.

संध्याकाळी चहाला सगळे हळहळत होते. आईनं बशीत चहा ओतला, फुंकला आणि विचारलं, "कोनाला दिसला का रे?"

"नाही," मी म्हणालो.

ती शब्दाला जागली. महिनाभरानं कोंबड्या शेजारणीला देऊन, एक गाठोडं घेऊन बोईसरला आली. माझी येरझार संपली. तब्येतीला जपणारी सून, घरात पाणी, खाली दवाखाना. मला हवं होतं ते सगळं झालं. आणि माझा पाय थांबलेला होता. बायको खूश होती. मला मात्र एका जागी बसवेना. टीव्ही लावायचो, बंद करायचो, कामावरून निघालो की घरी जायच्या आधी गाडीवरून उगाच चिंचणीपर्यंत जाऊन यायचो. प्लांटमध्ये एकदा चुकीच्या व्हॉल्व्हला हात घातला आणि हेल्परनं मनगट धरलं म्हणून निभावलं.

आई कुरकुरली असती तर बरं झालं असतं. तिनं एकही तक्रार केली नाही. बिल्डिंगमध्ये कुणाचं दार उघडं दिसलं की ती उंबऱ्याबाहेर थांबून खाकरायची. समोरच्या वहिनींना वाटलं म्हातारीला खोकला झालाय. त्यांनी कफ सिरपची बाटली आणून दिली. 'बस' कुणी म्हटलं नाही. एका रविवारी तिला चिंचणीच्या समुद्रावर नेलं, तर ती पाण्याकडं पाठ करून बसली. तिकडून डोंगराची रेघ दिसते.

मे महिना लागला. एका सकाळी मी पाळी करून आलो, तर घरात आई नाही. धावत खाली गेलो. बिल्डिंगच्या मागं कचरा पेटवला होता आणि ती तिथं धुरात उभी होती. भाताच्या रोपांसाठी उन्हाळ्यात जमीन भाजतात, त्याला आमच्याकडं राब म्हणतात.

"मला वाटला कोनी राब जाळला," ती म्हणाली. "वास आला म्हनून आली."

प्लास्टिकच्या पिशव्या जळत होत्या. मला माझी इतकी लाज वाटली की तिथंच बोलून टाकलं.

"आये, मी त्याला पाहिला होता."

"कोनाला?"

जीपमध्ये ज्याचं नाव मी चारचौघांत ओरडलो होतो, ते आता तोंडातून निघेना. "त्याला," मी म्हणालो. "तुम्ही सगळे गेंडा बघत होतात तेव्हा."

"ठाव हाय."

"कसं?"

"त्या सांजला तुजा पाय हलत नव्हता. धाकला होतास तवा तापात पन हलायचा. त्या दिशी दगडावानी बसला होतास. मी चा पिताना बगला."

"मग बोलली का नाहीस? सहा महिने?"

"मला नाय ना दिसला," आई म्हणाली. "तुला दिसला. मंग सांगायचा तू. मी वाट बगत होती."

ती वर गेली आणि गाठोडं घेऊन खाली आली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, ते तिनं सोडलंच नव्हतं. वरची गाठ ढिली करून रोजचं लुगडं तेवढं काढायची आणि पुन्हा गाठ मारायची. मी तिला गाडीवर बसवून पाड्यावर पोचवलं. राबाला उशीर झाला होता. शेजाऱ्यांचे जाळून झाले होते. ती मला चहालासुद्धा न विचारता खाचराकडं चालू लागली.

पुढच्या रविवारी मी गेलो. घरातून धूर निघत होता, कोंबड्या परत आल्या होत्या. एरवी मी सरळ चुलीपाशी जातो. त्या दिवशी पाऊल उचलेना. अंगणाच्या कडेला थांबलो आणि खाकरलो.

आतली भांडी वाजायची थांबली. परत फिरावं की काय, असं वाटायला लागलं. ऊन डोक्यावर होतं.

"बस," आतून आई म्हणाली.

मी ओट्यावर बसलो. थोड्या वेळानं पाय हलायला लागला.